सरकटे मॅडमची डोणी

"कुठं कंटाळा आला?"

सरकटे मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझं मालेगावात वाशीम रोडला टायपिंगचं आणि डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स असा माझा साहित्याशी संबंध. त्या दिवशी मॅडम हाताने लिहिलेली सात पानं घेऊन आल्या. एका दैनिकात त्यांचं प्राचीन काळावरचं सदर सुरू झालं होतं आणि संपादकांना लेख टाईप करून हवा होता. मी टाईप करून दिला, वर आपलं दुकानदारी बोललो, "कुठंच नाही मॅडम. लई भारी लिहिलं तुमी."

"खोटं बोलून राह्यला तू," मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्या पॅऱ्यावर तू उठून पाणी प्यायला. मी पाह्यलं."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तिसऱ्या पॅऱ्यावर काट मारली. मी हादरलो. तो परिच्छेद चांगला पंधरा ओळींचा होता, आणि खरं सांगायचं तर मला साधी तहान लागली होती. पण ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. पुढची सहा वर्षं मी त्यांचा मजकूर टाईप करताना पाण्याची बाटली टेबलाखाली लपवून ठेवत असे.

मॅडम तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना प्राकृत येत होतं, ताम्रपट वाचता येत होते. तरुणपणी विद्वानांच्या नियतकालिकांत त्यांचे निबंधही आले होते. ते का सोडलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तिथं मला सहा माणसं वाचत होती, त्यातली दोन भांडायला." आता त्यांना सगळ्यांसाठी लिहायचं होतं. सगळे म्हणजे कोण, तर जऊळक्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेले लोक. त्यांचे वडील तिथे रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये होते, त्यामुळे त्यांची जगाची मोजणी त्या फलाटापासून सुरू व्हायची.

उंची बेताची, केस पांढरे आणि कधीच न बसणारे, पायात पुरुषी चपला. चालायला लागल्या की माझ्यासारखा माणूस मागे पडायचा, पण नांगरलेल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आल्या की एकदम सावकाश. मान खाली, नजर ढेकळांत. खापराचा तुकडा उचलायचा, पदराला पुसायचा, कड बोटाने चाचपायची आणि म्हणायचं, "हे पाह्य, पोरीच्या हातचं आहे. अंगठा लहान आहे." तुकडा मला दाखवून झाला की जिथून उचलला तिथेच परत. घरी न्यायच्या नाहीत. "त्याचा पत्ता हाच आहे," म्हणायच्या.

दुसरी गंमत म्हणजे त्या जुन्या काळाबद्दल भूतकाळात बोलतच नसत. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, दीड हजार वर्षांपूर्वीची वाकाटकांची राजधानी. हे मलाही शाळेत शिकवलेलं, आणि मी ते परीक्षा होताच विसरलेलो. मॅडम मात्र दुकानात येऊन स्टूल ओढायच्या आणि सुरू व्हायच्या: "गजू, वत्सगुल्मात आज बाजार आहे. तांडा उतरला आहे गावाबाहेर, बैलं सुटली आहेत, मिठाच्या गोण्या खाली ठेवून राह्यले. आता सांग, त्या मिठाला पहिलं गिऱ्हाईक कोण?" मी काहीतरी सांगायचो. मग पुढचा अर्धा तास मीठ. पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेला नवरदेवाचा मामा दारात उभा, आणि तोही मिठात अडकलेला.

त्यांची स्कूटी गॅरेजला होती तेव्हाची गोष्ट. आम्ही रिसोडहून एसटीने येत होतो. गाडी भरलेली. मॅडम मला ताम्रपट समजावत होत्या, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली राजाची ऑर्डर. राजा कुणाला गाव दान देतो आणि पुढे यादी देतो, की या गावातून माझ्या अधिकाऱ्यांनी काय काय घ्यायचं नाही. दूध मागायचं नाही. फुलं मागायची नाहीत. बसायला कातडं नाही, चुलीला कोळसा नाही.

तिकिटं फाडत आलेला कंडक्टर ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "म्हंजे त्याच्या आंधी मांगत होते."

मॅडम सीटवरून अर्ध्या उठल्या. "बरोब्बर. कोणी मागत नसतं तर मनाई कायले केली असती?"

झालं. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, तवाबी साहेब दौऱ्यावर येत होते म्हणा की. एकाने विचारलं, मंग कोंबडी मांगत नोते काय? दुसरा म्हणाला, कोंबडीचं लिवत असतेत का कुठी. पुढे बसलेला कुठलासा ग्रामसेवक खिडकीतून एकाग्रपणे सोयाबीन बघू लागला. दोन माणसं आपापल्या फाट्यावर उतरायचं विसरली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, तुमच्या राजापायी माहे दोन पॅसिंजर पुढं आले." त्या दोघांनी तक्रार केली नाही, ते कोळशावर आले होते.

एवढं मनापासून सांगणाऱ्या माणसाला वाटू शकतं की आपण सांगितलेलं सगळं समजतंच. मॅडमना तसं कधी वाटलं नाही. त्यांच्या स्कूटीच्या डिकीत एक स्टीलचं ताट आणि तुरीच्या दाण्यांची पुडी कायम असायची. नवीन प्रकरण लिहून झालं की चारपाच माणसं गोळा करायची. ताट मध्ये, प्रत्येकाच्या हातात चिमूटभर तूर. मॅडम वाचणार. जिथं समजलं नाही, जिथं पटलं नाही, तिथं ताटात एक दाणा टाकायचा. कारण सांगायचं नाही. टण असा आवाज आला की मॅडम न थांबता समासात फुली मारायच्या. "माणूस समजलं नाही म्हणायला लाजते," त्या सांगायच्या, "दाणा टाकायला लाजत नाही."

एकदा जऊळक्याच्या फलाटावर भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांसमोर त्यांनी व्यापारी मार्गांवरचं प्रकरण वाचलं. एक महिना घासून लिहिलेलं. पहिल्या पानावर टण, टण, टण. दुसऱ्यावर तर नुसता पाऊस. मी शरमेने रुळांकडे बघायला लागलो. मॅडमचा चेहरा मात्र एखादं बक्षीस लागल्यासारखा. गाडी आली, बाया गेल्या, आणि मॅडमनी ती दोन पानं टराटरा फाडली. "पाह्य गजू, किती सोपं झालं. आता फक्त नवीन लिहायचं राह्यलं."

हे सगळं वाचून वाटेल की बाई चुकीला अजिबात घाबरत नव्हत्या. मलाही तसंच वाटायचं. मग डोणीचं प्रकरण झालं.

मालेगावपासून नऊदहा किलोमीटरवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना मी अजून पत्रिका छापून देतो. त्या गावच्या बौद्ध वस्तीच्या कडेला, जुन्या विहिरीपाशी, एक दगडी डोणी होती. डोणी म्हणजे अखंड दगडात कोरलेली लांबट टाकी, माणूस आडवा झोपेल एवढी. एका बाजूची कड मुद्दाम उतरती केलेली, आतल्या अंगाला तांबूस डाग. जवळच्या उतारावर मॅडमना जुन्या विटांचे तुकडे मिळाले होते. त्यांनी सदरात लिहिलं, की इथं विहार असावा, आणि या डोणीत भिक्खू आपली चिवरं रंगवत असावेत. लेख इतका सुंदर होता की टाईप करताना मला त्या काषाय कपड्यांचा ओला वास आला. मी एकदाही पाणी प्यायलो नाही.

वस्तीने तो लेख फ्रेम करून विहारात लावला. डोणीला चौथरा झाला, निळं रेलिंग झालं, पौर्णिमेला तिथे फुलं आणि मेणबत्त्या यायला लागल्या. शाळांच्या सहली आल्या. यात पुढे होते सुनील इंगोले, त्याच वस्तीतले, नोकरीला एसटीच्या ऑफिसात. ते मला म्हणाले होते, "गजूभौ, आमाले वाटे आमचा इतिहास आजापासूनच सुरू होते. बाईनं तो दीड हजार वर्स मांगं नेला."  मॅडमची काय अवस्था असेल ते सांगायला नको. त्यांच्याही घरी आजाच्या पलीकडे कुणाला काही माहीत नव्हतं. ती डोणी त्यांना खरी हवी होती, आणि मला वाटतं तिथेच त्या पहिल्यांदा फसल्या.

सदरातल्या लेखांचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा डोणीचं प्रकरण पहिलं, आणि मुखपृष्ठावर डोणीचा फोटो. मी ते मुखपृष्ठ अकरा वेळा केलं. सगळं तयार होऊन छपाईला जाणार, तेवढ्यात मॅडमच्या लक्षात आलं की हे प्रकरण दाण्यांपुढे कधी वाचलंच नाही. मी म्हटलं, ज्या गावाने रेलिंग लावलं त्या गावासमोर काय वाचायचं? "नियम तो नियम," त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी विहारासमोर कडुलिंबाखाली बैठक बसली. सुनीलभाऊ, चारपाच बायका आणि भिंतीला टेकून पंचफुलाआजी. वय नव्वदीच्या पुढे, कान शाबूत, दात नाहीत. मॅडम वाचायला लागल्या. लोक तल्लीन. चिवरं आली, रंग आला, आणि टण. पंचफुलाआजीने दाणा टाकला होता. मॅडमनी फुली मारली. पुढच्या वाक्याला पुन्हा टण. आणखी एक. सुनीलभाऊ म्हणाले, "आजी, नीट ऐक ना." आजीने मूठ ताटावर नेली आणि सगळे दाणे एकदम सोडून दिले.

वाचन थांबलं.

"ते डोनी माह्या सासऱ्यानं केली," आजी म्हणाली. "मी नवीनच नांदाले आली होती. आमाले त्या हिरीवर चढू देत नोते. वरून कोनी पानी टाकनार, आन आपून खालून मडकं धराचं. मडक्यात थोडं, भुईवर लय. मंग माह्या सासऱ्यानं नाल्यातून गोटा आनला. सारा उन्हाया छिन्नी मारली. तेई रोजानं जाऊन आल्यावर. ते कड काहून उतरती आहे? तिकून ते वरून पानी ओतत. आन लाल डाग मडक्याच्या गेरूचा आहे. रोज घासत होते ना मडकी."

 मॅडम उठल्या, रेलिंगवरून पाय टाकून आत गेल्या आणि डोणीशी गुडघ्यावर बसल्या. उतरत्या कडेवर हात फिरवला. छिन्नीचे घाव बोटांनी मोजल्यासारखे चाचपले. मग तिथूनच म्हणाल्या, "घाव ताजे आहेत गजू. पाण्यापावसानं धार गेलेली नाही. हे मला पहिल्याच दिवशी दिसायला पाहिजे होतं. मी पाहिलंच नाही."

सुनीलभाऊंचा चेहरा पडला होता. "बुढी आहे ते, मॅडम. तिले काय आठवते. तुमी शिकल्यासवरल्या. तुमी लिवलं तेच राहू द्या."

परतताना स्कूटी मी चालवत होतो. मीही तेच म्हटलं, जरा गोड शब्दांत. पुस्तक तयार आहे, कोणाला कळणार आहे, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.  मागून उत्तर आलं ते मालेगावात शिरताना. "गजू, मी आयुष्यभर दुसऱ्यांनी आमच्याबद्दल लिहिलेलं खोटं खोडत आले. आता माझं स्वतःचं ठेवू?" आणि लगेच, त्याच दमात, पाठीवर थाप मारून, "पण डोणी पाहिली तू? रोजानं जाऊन आल्यावर, बाप्पा, एकट्या माणसानं. तुला चिवरं मोठी वाटून राह्यली का अजून?"

चार दिवसांत नवीन प्रकरण आलं. टाईप करताना माझे हात थांबत होते, कंटाळ्याने नव्हे. त्यात ती उतरती कड होती, वरून पाणी ओतणारा हात होता, जमिनीत मुरून वाया जाणारं पाणी होतं. फक्त एका ठिकाणी मॅडमनी रिकामी जागा सोडली होती: "ही डोणी ...... यांनी घडवली."

नाव मिळत नव्हतं. गावात त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. आजीचा नवरा किसन केव्हाच वारला होता, आणि मतदार यादीत त्याच्याही बापाच्या जागी कुण्या कारकुनाने 'मिस्त्री' एवढंच लिहून ठेवलं होतं. शेती नव्हती, म्हणून सातबारा नाही. नाव माहीत असणारं जगात एकच माणूस उरलं होतं, पंचफुलाआजी. आणि ती सासऱ्याचं नाव घेत नव्हती. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं तर नाहीच. सत्तर वर्षांत घेतलं नव्हतं.

मॅडमनी तीन फेऱ्या मारल्या. खुणेने सांग म्हटलं, कानात सांग म्हटलं. आजी हसून पदर तोंडावर घ्यायची. "नाव नाई टाकलं त काय होते?" तिने शेवटी विचारलं.

"आजी, नाव नसलं त लोक म्हणतीन, जुन्या काळी कोणीतरी केली असंन," मॅडम म्हणाल्या. "मीबी तसंच म्हणलं होतं."

मॅडमनी वाट पाहिली नाही. सदरात खुलासा छापून टाकला: मी चुकले, डोणी विहाराची नाही, आणि ती कुणी का घडवली ते पंचफुला इंगोले यांनी मला सांगितलं. त्या दिवशी माझ्या दुकानातला फोन सारखा वाजत होता. कुणी म्हणालं विकल्या गेल्या, कुणी म्हणालं म्हातारपण. सुनीलभाऊंनी एवढंच सांगितलं, "मॅडमले म्हना आता गावात येऊ नोका. आमची पोरं गुलाल लावल्यासारखी नाचत होती, त्यांले काय सांगू? की तुमचा आजा उष्टं पानी प्यायचा?"

मॅडम त्या दिवशी दुकानात आल्या, पण पहिल्यांदाच वत्सगुल्माचं नाव काढलं नाही.  मी मुद्दाम मिठाचा विषय काढला, पण त्या हसल्या नाहीत. मग उठल्या आणि म्हणाल्या, "रविवारी जाऊ. ज्यांचं आहे त्यांना वाचून दाखवल्याशिवाय पुस्तक छापणार नाही."

मला भीती होती की कुणी येणार नाही. आले, पण लांब लांब बसले. सुनीलभाऊ विहाराच्या पायरीवर, हाताची घडी घालून. पंचफुलाआजीला तिच्या नातसुनेने धरून आणलं आणि डोणीच्या चौथऱ्याला टेकवून बसवलं. मॅडम उभ्या राहूनच वाचायला लागल्या. सुरुवातीला नजर कागदावरच, मग विषयाने त्यांना पकडलं आणि त्या नेहमीसारख्या झाल्या. हात हवेत, केस तोंडावर, सगळं वर्तमानकाळात. उन्हाळा आहे. मिस्त्री रोजानं जाऊन आले आहेत. जेवणाआधी छिन्नी हातात घेतात. बायका म्हणतात, कायले जीव काढता? ते म्हणतात, पाणी भुईवर सांडते, मले पाहवत नाही. हे वाक्य आजीनेच सांगितलं होतं. बायका हळूहळू पुढे सरकल्या. सुनीलभाऊंची घडी सुटली.

मग ती रिकामी जागा आली.

मॅडम वाचत आल्या, "ही डोणी," आणि थांबल्या. कागदावरून मान वर केली नाही. कुणाकडे पाहिलं नाही. गडबडून पुढच्या ओळीवर जाणं सोपं होतं, पण त्या गेल्या नाहीत.

पंचफुलाआजीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, सासऱ्यासमोर ओढतात तसा, पार हनुवटीपर्यंत. आणि त्या पदराच्या आतून म्हणाली, "लहानू."

नातसून चपापली. आजी थांबली नाही. "लहानू तुयशीराम इंगोले. लिव."

सुनीलभाऊ पायरीवरून उठले. मिस्त्री त्यांच्याच भावकीतले, पण हे नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. चालत ते डोणीपर्यंत आले, आजीजवळ खाली बसले, आणि म्हणाले, "आजी, अजून एकडाव घे."

पुस्तक निघालं, आणि त्यानंतर महिन्याभरात मॅडम उपचारासाठी मुलीकडे नागपूरला गेल्या. त्या परत आल्या नाहीत. मला त्या शेवटच्या दिसतात त्या तिथेच: कडुलिंबाखाली, चष्मा कपाळावर ढकललेला, कागद गुडघ्यावर धरून. एक एक अक्षर सुटं, पहिलीतल्या मुलीसारखं गिरवत त्या 'लहानू तुळशीराम इंगोले' लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता ते नाव मोठ्याने वाचत होत्या.